मक्यातली म्हैस

१

गुरुजींच्या मक्यात दूधवाल्या काकूंची म्हैस मरून पडली आहे, ही बातमी गावभर व्हायला पहिल्या चहाची भांडी विसळून होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. म्हैस कोणी मारली हे कोणी विचारलंच नाही. सात वर्षं गुरुजी सांगत आले होते, की ही पुन्हा शेतात दिसली तर गोळी घालीन. आता म्हशीच्या बरगड्यांवर छर्ऱ्यांची चाळण होती. आणखी काय हवं?

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या तेव्हा कुंपणाबाहेर चाळीसेक माणसं उभी होती. आत मका आडवा झालेला, मधोमध म्हैस, आणि बांधावर गुडघ्यांवर हात ठेवून गुरुजी बसलेले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण बसणं अजून वर्गातलंच, पाठ ताठ. त्यांची बंदूक जमादारांच्या ताब्यात गेली होती.

"डॉक्टरबाई, फार खोलात शिरू नका," जमादार म्हणाले. "बंदुकीनं मेली एवढं लिहून द्या. यांनी कबूल केलंय."

"मीच झाडली," गुरुजी म्हणाले. "काल दिवेलागणीला. लपवायचं काही नाही."

कुंपणाबाहेरून काकूंचा आवाज आला, "सात वर्षं म्हणत होता मेला! आज झालं समाधान?"

डॉक्टरबाई म्हशीपाशी वाकल्या. त्यांनी म्हशीचं तोंड उघडून पाहिलं. ओठांवर वाळलेल्या फेसाचा पांढरा थर होता. मागचे पाय शेणानं माखले होते. गळ्यात हिरव्या नायलॉनच्या दोराचा वेढा होता, लोंबणारं वीतभर टोक तुटून पिंजलेलं, आणि त्याखालची कातडी सोलवटलेली. तो दोर त्यांनी कापून पिशवीत टाकला. मग सुरी घेऊन त्या कामाला लागल्या. तासभर लागला. माणसं कंटाळून अर्धी झाली.

हात धुता धुता त्यांनी जमादारांना जवळ बोलावलं आणि एका छर्ऱ्याचं भोक दाखवलं.

"रक्त दिसतंय का कुठे? आत मांसात, कातडीखाली?"

"नाही बुवा."

"जित्या जनावराला छर्रा लागला तर आत रक्त साकळतं. इथे थेंब नाही." त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, ही म्हैस तुम्ही मारली नाहीत. तुम्ही बंदूक झाडलीत तेव्हा ती मेलेली होती."

२

चौकीत एकच खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर शिकारीच्या आणि मासेमारीच्या नियमांचा फलक, कोपरे वळलेला.

"काल नक्की काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "उजेड जवळजवळ गेला होता. मक्यात काळा उंचवटा दिसला. त्या आठवड्यात डुकरांनी दोन वाफे लोळवले होते. मला वाटलं, डुक्करच. झाडली. पण ते हललंच नाही. ओरडलं नाही, उठलं नाही, पळालं नाही. मी घाबरलो आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर ही."

"डुक्कर समजून झाडलीत," जमादार हळूच म्हणाले. त्यांची लेखणी थांबली होती, ती पुन्हा चालू लागली.

"मेलेलं जनावर हलणार कसं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "जमादार, हिच्या पोटात पिकावर फवारायच्या औषधाचा वास आहे. विषानं मेली ही. संध्याकाळी साडेपाच-सहाला. कुठे काय प्यायली की खाल्ली, ते शोधायला हवं."

"शोधायचं कशाला? विषही यांनीच घातलं असेल."

"आणि मग मेलेल्या म्हशीवर गोळी का झाडतील? सगळ्या गावाला बोलवायला?"

पण जमादार माघार घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शिपायाला गुरुजींच्या शेतावरच्या खोपीत पाठवलं. अर्ध्या तासात शिपाई धापा टाकत परतला आणि टेबलावर एक बाटली ठेवली. फवारणीच्या औषधाची. अर्धी रिकामी.

३

"बाटली प्रत्येकाच्या खोपीत असते," डॉक्टरबाई चौकीच्या पायऱ्या उतरताना स्वतःशीच म्हणाल्या. ते खरं होतं. आणि त्यानं गुरुजी सुटणार नव्हते, हेही खरं होतं.

काकूंच्या घराच्या ओसरीवर दुधाची रिकामी कॅन पालथी ठेवलेली होती, शेजारी पेंडीच्या पोत्यांच्या घड्या, फाटक्या कोपऱ्यांना लाल दोऱ्याचे टाके घातलेल्या. नवरा गेल्यापासून काकू एका म्हशीवर घर चालवत होत्या. सोबत धाकटा भाऊ राहायचा. त्याची होडी तळ्यावर होती, पण विणीच्या तीन महिन्यांत मासेमारी बंद, जाळी सगळी तळ्याच्या सरकारी राखणदाराकडे जमा. काकूंची मुलगी लग्न होऊन गेली, पण तिच्यामुळे पडलेलं नाव राहिलं. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं.

मामांनी चहा आणून ठेवला आणि दाराशी भिंतीला टेकून बसले.

"काकू, तिच्यावरून कोणाशी वैर होतं का? गुरुजी सोडून?"

"गुरुजी सोडून कोणाशी असणार? अकरा वेळा कोंडवाड्यात घातली माझी म्हैस त्यानं. अकरा! मी प्रत्येक वेळी सोडवून आणली. मुकं जनावर ते, त्याला काय कळतंय कोणाचं कुंपण कुठे? सगळे म्हणायचे, काकू बांधत जा. का बांधू? माझ्या नवऱ्यानं आणली तेव्हा इवलीशी होती. त्यानं कधी बांधली नाही, मीही कधी दाव्याला बांधली नाही. एक दिवससुद्धा नाही!"

"जाऊ दे ना, ताई," मामा म्हणाले.

"काय जाऊ दे? तुझं काय गेलं? तुला ती कोण होती?"

मामांनी मान खाली घातली.

"पाणी कुठे प्यायची ती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वरच्या ओढ्यातल्या डोहावर. रोज दुपारी चारला. घड्याळ लावून घ्यावं तिच्यावरून."

डॉक्टरबाईंनी चहा तसाच ठेवला. मामा काहीतरी म्हणायला उठले, पण बाई तोपर्यंत अंगणात पोचल्या होत्या.

डोह गावापासून अर्ध्या तासावर होता. ओढा या दिवसांत वाहत नाही. वरचा हा एक डोह तेवढा भरलेला राहतो, कमरेइतका खोल, आणि तळ्यातले मासे पावसात वर चढून तिथे अडकून पडतात. पाणी स्वच्छ दिसत होतं, फार स्वच्छ. त्यावर एक किडा फिरत नव्हता. काठावर तीन बेडूक उताणे पडले होते, पोटं पांढरी. जरा पुढे एक खंड्या पंख पसरून मेलेला, चोचीत अजून मासा.

काठापासून दहा पावलांवरची माती ताजी उकरलेली होती. डॉक्टरबाईंनी काठीनं ती खरवडली. मातीतून एक शेपटी वर आली. मग दुसरी. मग त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

४

राखणदाराची झोपडी तळ्याच्या बांधावर होती. तो मूळचा शहरातला, आधी कुठल्या तरी कचेरीत कारकून होता. झोपडीत जाळी छतापर्यंत रचलेली, प्रत्येक गठ्ठा तारेनं पिळून बांधलेला आणि मोहोर लावलेला.

"मॅडम, मला काही माहीत नाही."

"तुमच्या चपलांना डोहाकाठची लाल माती आहे. नखांतही आहे."

तो जाळ्यांच्या एका गठ्ठ्यावर बसला. "आज पहाटे पुरले मी. काल बायकोचे डोळे दाखवायला शहरात गेलो होतो. रजा न टाकता. आलो तर हे. मॅडम, बंदीत माझ्या पाण्यात मासे मेले तर पहिली नोकरी माझी जाते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती फक्त."

"आणि त्या पाण्यावर रोज एक म्हैस येते, हे डोक्यात आलं नाही?"

"ती म्हैस मेली हे मला नऊ वाजता कळलं. तोवर पुरून झालं होतं. मग बोलायचं तोंडच राहिलं नाही."

डॉक्टरबाईंना ते पटलं. खोटं बोलणारा माणूस इतकं आपल्याविरुद्ध बोलत नाही.

"पुरलेत ते सगळे बारीक. मोठे कुठे गेले?"

"मोठे कोणीतरी वेचून नेले असणार."

"जाळं नाही, म्हणून विष. म्हणजे मासे धरणाऱ्यापैकी कोणीतरी." त्यांनी पिशवीतून हिरवा दोर काढला. "हे काय आहे, सांगता येईल?"

राखणदारानं तो उजेडात धरला. "जाळ्याच्या वरच्या काठाचा दोर. हे गुळगुळीत झालंय ना थोड्या थोड्या अंतरावर, तिथे तरंगणारे गोळे असतात. आणि ही गाठ बघा, कोळ्यांची आहे. मला बारा वर्षांत जमली नाही. म्हणून तर तार वापरतो. पण मॅडम, तळ्यावर तेरा होड्या आहेत. तेराही जण अशीच गाठ मारतात." तो थबकला. "हा कुठे मिळाला?"

"म्हशीच्या गळ्यात."

"काकूंच्या? पण काकू तर ती कधी—"

"बांधत नाहीत. एक दिवससुद्धा नाही." डॉक्टरबाई उठल्या. "मग नेमकी ज्या दिवशी डोहात विष पडलं, त्याच दिवशी तिला कोणी आणि कशाला बांधली?"

५

दोराचं दुसरं टोक कुठेतरी असणार होतं. डॉक्टरबाईंनी विचार केला, मी तिला बांधली असती तर कुठे? डोहापासून दूर. घराजवळ नाही, काकू लगेच सोडतील. गवत असेल तिथे, आणि सावलीत.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एकच मोठं झाड होतं. त्याच्या बुंध्याला हिरवा दोर होता, त्याच गाठीनं बांधलेला, तुटलेला. भोवतीची जमीन खुरांनी खणल्यासारखी झाली होती. कधी न बांधलेल्या जनावरानं तिथे तास दोन तास नुसती ओढाताण केली होती.

आणि बुंध्याशी ताज्या गवताचा भारा होता. वाळू नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकलेलं. शेजारी पाण्यानं भरलेली बादली. पाण्याला तोंडही लागलं नव्हतं.

डॉक्टरबाई तिथेच खाली बसल्या.

चोर बादली ठेवत नाही. वैरी गवत कापत नाही. ज्यानं बांधली त्याला ही म्हैस कुठे आणि किती वाजता पाणी पिते हे ठाऊक होतं, ते पाणी त्या दिवशी पिण्यासारखं नाही हेही ठाऊक होतं, आणि ती मरू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. बादलीचा तळ चेपलेला होता आणि भोक डांबरानं बुजवलेलं. होडीतलं पाणी उपसायची बादली. इथवर ते तेरा जणांतले कोणीही असू शकत होते. पण पोतं पेंडीचं होतं आणि त्याच्या फाटक्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे टाके होते. अशी चार पोती त्यांनी सकाळी काकूंच्या ओसरीवर घडी घालून ठेवलेली पाहिली होती.

होडी असलेला माणूस, आणि काकूंच्या घरातला.

ऊन उतरत होतं. मामा तळ्याकाठी पालथ्या होडीवर बसलेले सापडले. डॉक्टरबाईंनी बादली त्यांच्यासमोर ठेवली. मामांनी बादलीच्या कडेवरून हात फिरवला.

"घट्ट बांधली होती, बाई," ते म्हणाले. "अगदी घट्ट. मोठा मासा सुटत नाही त्या गाठीतून."

"गाठ सुटली नाही. दोर तुटला."

"पाणीपण ठेवलं होतं."

"पाहिलं मी."

"दोन महिने झाले हात रिकामे. रोज उठायचं आणि ताईच्या ताटात जेवायचं. ती काही म्हणत नाही हो, पण घास उतरत नाही. हॉटेलवाला म्हणाला, दोन टोपल्या आण, मोठे आण, कुठून आणले ते विचारत नाही. राखणदार शहरात गेलेला. म्हटलं, एक दिवस. पहाटे ओतलं, सकाळी मासे वेचले. उद्यापर्यंत पाणी निवळेल, तोवर हिला बांधून ठेवू. ताईला सांगितलं, टेकडीपलीकडे चरतेय."

डॉक्टरबाई एकदम पुढे झाल्या. "ते मासे! हॉटेलात शिजले?"

"नाही. त्यानं टोपली उघडली आणि म्हणाला, वास येतोय. सगळे गटारात ओतले माझ्यासमोर." मामांनी तळव्यांनी तोंड पुसलं. "एकपण मासा कोणाच्या पोटात गेला नाही, बाई. एकपण नाही."

"गुरुजी सकाळपासून चौकीत आहेत. हे माहीत होतं तुम्हाला."

"माहीत होतं. चौकीच्या दारापर्यंत जाऊन आलो दोनदा. दोन्ही वेळा आत ताईच्या शिव्या ऐकू येत होत्या. गुरुजींना. वाटलं, या शिव्या आता मला..."

"चला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी येते बरोबर."

६

मामांनी सगळं सांगितलं. जमादारांनी सगळं लिहून घेतलं, सही घेतली आणि मामांना आत बसवलं. डॉक्टरबाईंनी आपला अहवाल टेबलावर ठेवला.

"मग गुरुजींना सोडा आता."

जमादार खुर्चीत मागे रेलले. सकाळचा तोरा त्यांच्या तोंडावर नव्हता, उलट अवघडल्यासारखे दिसत होते.

"म्हशीच्या प्रकरणातून सुटले. त्यात काही उरलंच नाही."

"मग?"

त्यांनी अंगठ्यानं भिंतीवरचा फलक दाखवला. "विणीचे महिने चालू आहेत, डॉक्टरबाई. रानातल्या जनावरावर बंदूक उचलायची नाही. परवाना असला तरी नाही, शेत खात असलं तरी नाही. डबे वाजवा, फटाके लावा, एवढंच. आणि यांनी सकाळी तुमच्यासमोर सांगितलं, डुक्कर समजून झाडली. मी लिहून घेतलंय."

"ती म्हैस होती! मेलेली म्हैस!"

"कायदा म्हणतो, शिकारीच्या इराद्यानं झाडली का? झाडली. सकाळी मी तुम्हाला म्हटलं होतं, बंदुकीनं मेली एवढंच लिहा. मोकाट म्हैस, पिकाची नासाडी, रागाच्या भरात झाडली, एवढ्यावर मी मिटवलं असतं. काकूंना भरपाई आणि काम संपलं. आता म्हैस मधून गेली आणि राहिला तो डुकराचा गुन्हा. त्यात जामीनही इथे होत नाही."

डॉक्टरबाई मागे वळल्या. बाकावर गुरुजी बसले होते, त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"गुरुजी, मी... मला वाटलं, खरं बाहेर आलं की तुम्ही सुटाल."

"मलाही तसंच वाटलं होतं, डॉक्टर," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर मी विचारायच्या आधी सगळं सांगून बसलो." आणि ते हसले. डॉक्टरबाईंनी ते हसू पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

काकूंकडे त्याच गेल्या. जमादार म्हणाले होते, मी शिपाई पाठवतो, पण हे शिपायानं सांगायचं नव्हतं. काकू ओसरीवर बसून कॅन घासत होत्या, दूध नसलेली. डॉक्टरबाईंनी एकेक करून सांगितलं. डोह, मासे, दोर, बादली, ओलं पोतं. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. कॅन घासून झाली, पुसून झाली, तरी त्या पुसत राहिल्या.

"कधी कळलं होतं तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दुपारी. झाडाशी गेले तेव्हा."

"मग तिथेच का नाही थांबलात?"

"काकू, गुरुजी विनाकारण..."

"गुरुजींवर रागवायची मला सात वर्षांची सवय आहे, बाई. त्यांना अजून वीस वर्षं शिव्या दिल्या असत्या, माझा जन्म निघाला असता. आता सांगा, भावाचा राग कसा करायचा असतो? त्यानं तिच्यासाठी गवत कापलं होतं म्हणता. पाणी ठेवलं होतं म्हणता." त्यांनी हातातलं फडकं खाली टाकलं. "मला एवढं सगळं सांगायलाच हवं होतं का?"

डॉक्टरबाई शेजारी बसल्या. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी तो झटकला नाही, पण त्यांना तो जाणवलाही नसावा.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. गुरुजींना आठ महिन्यांची शिक्षा झाली, तीही वय पाहून. परवाना कायमचा गेला. त्यांच्या बायकोनं ते सुटायच्या आधीच शेत मिळेल त्याला देऊन टाकलं आणि ती बहिणीकडे राहायला गेली. सुटल्यावर गुरुजी तिकडेच गेले, गावात आले नाहीत. राखणदाराची नोकरी गेली. डोहाला तारेचं कुंपण पडलं, पण त्यात अजून बेडूक ओरडत नाही.

मामांना तीन वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या भेटीच्या दिवशी काकू गेल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यातही नाही, तिसऱ्यातही नाही. सातव्या महिन्यात त्या एकट्याच पहाटे उठल्या, दोन बस बदलून गेल्या आणि तुरुंगाच्या दाराशी भावाचं नाव सांगितलं. शिपाई आत जाऊन आला. म्हणाला, "तो येत नाही म्हणतोय. ताईला सांगा, म्हणाला, मला बघायला येऊ नको."

काकूंनी विचारलं, "आणखी काही म्हणाला का?"

"नाही."

तरीही त्या बाकावर बसून राहिल्या. भेटीची वेळ संपली, दार बंद झालं, तेव्हा शिपायानं त्यांना हात धरून उठवलं आणि परतीच्या बसचा थांबा दाखवला.